क्लब नेमका कोणाचा? महाराष्ट्रातील बुडालेले फुटबॉल संघ, आइंडहोवनचा एक समभाग आणि कोल्हापूरच्या तालमी

आजचा धागा लांब आहे आणि त्यात इतिहासाइतकेच मतही आहे. मत कोठे सुरू होते ते सुज्ञ वाचकांना ओळखता येईलच.

२०१० ते २०१९ या एका दशकात महाराष्ट्रातील सहा व्यावसायिक फुटबॉल क्लब नामशेष झाले. २०१० साली महिंद्रा युनायटेड, २०१५ च्या सुमारास पुणे एफसी आणि भारत एफसी, २०१७ मध्ये मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स, आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी. यांपैकी कोणत्याही क्लबला मैदानावरच्या पराभवामुळे विसर्जित व्हावे लागले असे म्हणता येणार नाही. मुंबई एफसी अखेरच्या हंगामात तळाला होता, हे खरे. परंतु तळाला जाणारे क्लब जगभर खालच्या श्रेणीत उतरतात आणि तेथे खेळत राहतात. आपल्याकडे ते थेट अदृश्य होतात.

असे का होते, हा या धाग्याचा विषय. त्याचे प्रचलित उत्तर ‘आपल्याकडे क्रिकेटच चालते’ असे आहे. हे उत्तर मला आळशीपणाचे वाटते. क्रिकेटचे वेड कोल्हापुरातही आहे, आणि तेथील फुटबॉल संघ अनेक पिढ्या टिकून आहेत.

प्रथम महिंद्रा युनायटेड, कारण त्या क्लबची कथा सर्वांत वैभवाची आणि म्हणून सर्वांत बोलकी आहे. १९६२ साली महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ म्हणून त्याचा आरंभ झाला. त्या काळच्या मुंबईत ही रीतच होती. टाटा, मफतलाल, काल्टेक्स, ओर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, मध्य आणि पश्चिम रेल्वे: शहराच्या फुटबॉलची यादी वाचावी तर ती औद्योगिक निर्देशिकेसारखी भासते. खेळाडू हा कागदोपत्री कंपनीचा नोकर असे. सकाळी सराव, दुपारी जमेल तशी कचेरी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा याच मुंबईच्या मैदानांवर घडला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

या व्यवस्थेला हसण्याचे कारण नाही. गिरणगावातील किंवा बांद्र्यातील एखाद्या मुलाला चेंडूच्या बळावर कायमची नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन मिळे. आजच्या एक-दोन वर्षांच्या करारांपेक्षा हे जीवन पुष्कळ सुरक्षित होते. पण या व्यवस्थेचा एक अर्थ आपण नजरेआड करतो. तो संघ हा कंपनीचा एक विभाग होता, जसा लेखाविभाग किंवा उपाहारगृह. विभाग उघडतो कोण? व्यवस्थापन. बंद करतो कोण? तेच.

‘जीपमेन’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाने २००३ आणि २००५ साली फेडरेशन कप जिंकला. पाठोपाठ २००५–०६ च्या हंगामात गोव्याचे प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. त्यापूर्वी महाराष्ट्रातील कोणत्याही क्लबला हे साधले नव्हते. आणि चारच वर्षांनी, २००९–१० चा हंगाम संपताच, संघ विसर्जित करण्यात आला. यापुढे शालेय व युवा फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे कंपनीने सांगितले. कंपनीचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. ज्याचा विभाग, त्याने बंद केला. प्रश्न एवढाच, की कूपरेजच्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी एकालाही त्या निर्णयावर मत नोंदवण्याचा अधिकार होता का? नव्हता. कारण महिंद्रा युनायटेडला प्रेक्षक होते, सभासद नव्हते.

कूपरेजचा उल्लेख आला म्हणून एक विषयांतर. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. पहिली कित्येक दशके तो ब्रिटिश लष्करी पलटणींची मिरास होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो नेला. पलटण, पोलीस, रेल्वे, गिरणी: या विजेत्यांमागे बहुधा एखादा पगारपत्रक तयार करणारा कारकून बसलेला दिसतो. भारतीय फुटबॉलच्या संघटनेचा इतिहास लिहायचा तर पगारपत्रके हे त्याचे पहिले साधन मानावे लागेल.

आता पुणे. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी उभारला. पुन्हा डेरिक परेराच प्रशिक्षक. २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये संघ दुसरा आला. क्लबची प्रबोधिनी नावाजलेली होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग अवतरली आणि तिच्यासोबत त्याच शहरात दुसरा व्यावसायिक संघ, एफसी पुणे सिटी. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी आला आणि एकच हंगाम खेळून गेला. डीएसके शिवाजीयन्सची कथा यांहून करुण आहे. मुळात तो १९८७ पासूनचा स्थानिक पुणेरी क्लब. एका बांधकाम समूहाने त्याला आधार देऊन राष्ट्रीय पातळीवर नेले आणि आधार सरला तेव्हा तो राष्ट्रीय नकाशावरून पुसला गेला. शेवटी एफसी पुणे सिटीचा परवाना गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. म्हणजे पाच वर्षांत एका शहराने चार क्लब गमावले. पुण्यात फुटबॉलप्रेमी नव्हते म्हणून हे घडले, असे जे म्हणतात त्यांनी बालेवाडीचे सामने पाहिलेले नसावेत.

येथे नेदरलँड्सकडे वळतो. तेथे नंदनवन आहे म्हणून नव्हे. तेथेही हाच पेच पडला होता आणि त्यांनी तो निराळ्या रीतीने सोडवला, म्हणून.

डच फुटबॉल १९५४ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. पैसे घेऊन खेळणे हा अपराध. फास विल्केससारखा असामान्य खेळाडू १९४९ मध्ये इटलीतील इंटर मिलानकडे गेला तर त्याला राष्ट्रीय संघाची दारे बंद झाली. मग १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राने बांध फोडले आणि देशात १,८३६ माणसे बुडाली. पूरग्रस्तांसाठी निधी उभारावा म्हणून परदेशांत खेळणाऱ्या या ‘बहिष्कृत’ डच व्यावसायिकांनी १२ मार्च १९५३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाशी सामना खेळला आणि २–१ ने जिंकला. हौशीपणाच्या सोवळ्याला तडा गेला तो त्या दिवशी. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका बंडखोर संघटनेने व्यावसायिक सामने सुरू केले आणि नोव्हेंबरमध्ये मूळ महासंघाने तिच्याशी जुळवून घेतले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. पैसा आला, तरी क्लब मोडून नवे क्लब काढण्याची गरज बहुतेकांना वाटली नाही. कारण ते मुळात सभासदांच्या संघटना होते: वर्गणी, सर्वसाधारण सभा, निवडलेले कार्यकारी मंडळ. व्यावसायिक संघ हा त्या संघटनेच्या झाडाला फुटलेला फाटा ठरला. अॅम्स्टरडॅमचा आयाक्स क्लब १९०० साली स्थापन झाला. १९९८ मध्ये तो शेअर बाजारात उतरला, तेव्हाही सुमारे ७३ टक्के समभाग सभासदांच्या संघटनेने आपल्याकडेच ठेवले. बाजारातून पैसा घेतला, पण गादी सोडली नाही.

आणि आता खरा तुलनेचा क्लब: आइंडहोवनचा पीएसव्ही. या नावातील ‘पी’ म्हणजे फिलिप्स, दिव्यांची आणि रेडिओची तीच कंपनी. १९१३ साली कंपनीच्या कामगारांसाठी हा क्रीडासंघ निघाला. म्हणजे जन्माने तो महिंद्रा युनायटेडचा सख्खा भाऊ. कंपनीचे नाव, कंपनीचा पैसा, कंपनीच्या नावाचे मैदान. १९८८ मध्ये त्याने युरोपियन कप जिंकला. मग २०१६ मध्ये, तीन दशकांहून अधिक काळ जर्सीवर असलेले फिलिप्सचे नाव उतरले. क्लब मात्र बंद पडला नाही.

का? कारण कंपनी ही क्लबची आश्रयदाती होती, पण क्लब हा कंपनीचा विभाग उरला नव्हता. व्यावसायिक संघाची संस्थात्मक रचना झाली तेव्हा त्याचे एक वगळता सर्व समभाग एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे गेले आणि उरलेला एक समभाग मूळ क्रीडासंघाकडे राहिला. एकच! आर्थिकदृष्ट्या त्याचे मोल नगण्य, ऐतिहासिकदृष्ट्या ते प्रचंड: ज्या मंडळींनी हा संघ काढला त्यांचे नाव मालकीच्या कागदावरून कधीही पूर्णपणे पुसले जाऊ नये, अशी ती तजवीज. २०११ मध्ये क्लब अडचणीत आला, तेव्हा आइंडहोवन नगरपालिकेने मैदानाखालची जमीन विकत घेऊन ती क्लबलाच भाडेपट्ट्याने दिली. करदात्यांच्या पैशाने क्लब वाचवावा का, यावर तेथे वाद झाला आणि तो रास्तच होता. पण वाद झाला, हे महत्त्वाचे. महिंद्राच्या बाबतीत वादाला जागाच नव्हती.

डच क्लबही बुडतात, हेही सांगितले पाहिजे. अर्नहेमचा व्हिटेस हा १८९२ पासूनचा क्लब २०१० नंतर एकामागून एक परदेशी मालकांच्या हाती गेला. व्यवहारांतील गोंधळापायी २०२४ मध्ये त्याचे १८ गुण कापले गेले आणि तो सर्वोच्च श्रेणीतून घसरला. त्या उन्हाळ्यात त्याला तगवण्यासाठी गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढली. मालक बेभरवशाचा निघाला की शेवटी पावतीपुस्तकच बाहेर येते, हा प्रकार आपल्याला काही परका नाही.

हे मी रोहण्यात बसून लिहितो आहे. आर्वी तालुक्यातील आमच्या या गावाला फुटबॉलची परंपरा आहे असा दावा मी करणार नाही. इकडे कबड्डी, व्हॉलीबॉल आणि शंकरपट. पण मालकीचा प्रश्न आम्हाला फार लवकर शिकवला गेला, तो रेल्वेने. वऱ्हाडचा आणि वर्ध्याचा कापूस मुख्य मार्गापर्यंत पोचवण्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने जे अरुंद रूळ घातले, त्यांतला एक पुलगाव–आर्वी मार्ग. किलिक निक्सन ही तिची व्यवस्थापक कंपनी. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ ही याच घरची. आमच्या रोहण्याचे स्टेशन या मार्गावर होते. स्वातंत्र्य आले, देशातील बहुतेक रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, पण हे रूळ खासगी कंपनीच्या नावावरच राहिले. गाडीला गावाने आपले मानले, तिच्या वेळेवर घड्याळे लावली, आणि ती थांबली तेव्हा गावाला विचारणारे कोणी नव्हते. लळा एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा, ही अवस्था आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच एखादा क्लब बंद झाल्याची बातमी येते, तेव्हा ‘चाहते हळहळले’ या वाक्यापाशी मी थांबत नाही. सातबारा कोणाचा होता, ते आधी पाहतो.

आमच्याकडून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी आखाडा म्हणून सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. ही संस्था शंभरी ओलांडून उभी आहे. तिला देणगीदार लाभले, शासनाचे साहाय्य लाभले. पण ‘हे बंद करा’ असे एका सहीनिशी सांगू शकेल असा एकच मालक तिला कधी नव्हता.

आता कोल्हापूर. खरे तर या धाग्याचा गाभा तेथेच आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याहून कमी बोलले जाते ते हे, की गल्लोगल्लीच्या तालमी या निव्वळ व्यायामशाळा नव्हत्या. त्या पेठेच्या सार्वजनिक संस्था होत्या. तेथे गणपती बसे, मोहरमचे पंजे बसत, भांडणे मिटत आणि अर्थात सुरूही होत. फुटबॉल शहरात आला तेव्हा त्याला नवे घर शोधावे लागले नाही. तो तालमीतच राहायला आला. म्हणून तेथील संघांची नावे जगात कोठेही आढळणार नाहीत अशी आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संयुक्त जुना बुधवार पेठ, ऋणमुक्तेश्वर तालीम, प्रॅक्टिस क्लब. एकाही नावात कंपनी नाही. पेठ आहे, देव आहे, पाट आहे, वाघ आहे.

शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असला की शहराचे दोन भाग होतात. संघात कोण खेळतो, याची रचनाही पाहण्यासारखी आहे. गाभा पेठेतल्या मुलांचा. त्याभोवती उपनगरांतून आलेले. आणि गेल्या काही वर्षांत करारावर आणलेले आफ्रिकी खेळाडूही. म्हणजे पैसा येथेही आला आहे. तो येतो स्थानिक व्यापाऱ्यांकडून, पुढाऱ्यांकडून, वर्गणीतून, चौकातील फलकांवरून. एक आश्रयदाता रुसला तर दुसरा शोधता येतो. महिंद्राकडे दुसरा शोधण्याची सोयच नव्हती.

तालमींचे गुणगान गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिक होईल. या सामन्यांत दगडफेक झाली आहे, हाणामाऱ्या झाल्या आहेत, त्यापायी स्पर्धा थांबवाव्या लागल्या आहेत. पेठेची निष्ठा ही पेठेबाहेरच्यासाठी भिंत असते. मंडळाच्या सभासदांच्या यादीत स्त्रियांची नावे शोधावी लागतात. हिशेब सर्वांना दाखवणारे मंडळ विरळा. आणि क्रीडादृष्ट्या सर्वांत मोठा आक्षेप: एवढे वेड असून कोल्हापूरचा एकही तालीम-संघ देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचलेला नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पण त्याला पुढच्या पायऱ्या शहराबाहेरच शोधाव्या लागल्या.

तेव्हा माझे म्हणणे ‘कंपन्या वाईट, मंडळे चांगली’ असे नाही. कंपनी क्लबला उंची देते, मंडळ त्याला आयुष्य देते, आणि आपण महाराष्ट्रात ही दोन माणसे एका खोलीत कधी बसवलीच नाहीत. कलकत्त्याने ती बसवली, तीही कुरकुरत. १८८९ साली स्थापन झालेल्या, १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानने २०२० मध्ये ८० टक्के हिस्सा एका उद्योगसमूहाला दिला. समूहाने आपल्या जुन्या संघाचे नाव पुढे जोडले. सभासद आणि चाहते तीन वर्षे निदर्शने करत राहिले आणि जून २०२३ मध्ये ते नाव काढावे लागले. बाकी सर्व सत्ता समूहाकडेच राहिली, हे मान्य. पण निदान नाव तरी परत मिळवता आले. पुण्याच्या प्रेक्षकाला तेवढेही जमले नसते, कारण परत मिळवण्याजोगे मुळात त्याचे काहीच नव्हते.

गोव्याचा धडा वेगळा आहे. साळगावकर आणि धेंपे हे घराण्यांचे क्लब. त्यांनी देशाला उत्तम खेळाडू दिले, लीगही जिंकल्या. २०१६ मध्ये दोघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. घराण्याचा शब्द हा कंपनीच्या ठरावापेक्षा गोड असतो, इतकाच फरक.

आज हे का लिहायचे? कारण महाराष्ट्राकडे सर्वोच्च पातळीवर उरला तो एक मुंबई सिटी एफसी. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने त्यात ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०–२१ मध्ये त्याने सुपर लीगमधील दोन्ही मान पटकावले आणि २०२२ मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. मोठे यश आहे, आणि मला त्याचा आनंदही झाला होता. पण जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी करार संपत असल्याचे कारण देऊन लीगचा पुढचा हंगामच स्थगित ठेवला, तेव्हा क्लबच काय, संपूर्ण लीगही एका कागदावर उभी आहे हे उघड झाले. त्या आठवड्यात कोल्हापुरातील कोणत्याही तालमीला आपण पुढच्या वर्षी असू की नाही, असा प्रश्न पडला नसेल.

तरुण अभ्यासकांना एक विनंती. आपल्या गावच्या क्रीडा मंडळाचा इतिहास लिहायला घ्याल, तेव्हा चषकांच्या छायाचित्रांपासून सुरुवात करू नका. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदलेली मंडळाची घटना मिळवा. विश्वस्त कोण, सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, मंडळ विसर्जित करायचे तर किती मते लागतात, आणि विसर्जनानंतर मालमत्ता कोणाकडे जाते, ही कलमे वाचा. जुनी पावतीपुस्तके कोणाच्या माळ्यावर असतील तर वाळवी लागण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. वैभवाच्या कथा सांगणारे पुष्कळ भेटतील. विसर्जनाचे कलम कोणी वाचलेले नसते, आणि महिंद्रापासून पुणे सिटीपर्यंत सहाही क्लबांचा शेवट ठरला तो चाहत्यांना कधीच पाहायला न मिळालेल्या अशाच कागदांवर.

उत्तरेश्वरच्या ‘वाघाची तालीम’ या नावामागची कथा अनेकांनी विचारली होती. तिच्यासाठी स्वतंत्र धागा लागेल. कोल्हापूरकरांपैकी कोणाकडे जुनी कागदपत्रे असतील तर जरूर कळवा.